नांगर उचलण्याआधीची भांडणं

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या पाहुण्यांच्या पलंगाच्या दोन पायांखाली विटा सारत होत्या. शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी, उंच, शांत गृहस्थ आमच्याच गाळणीतून आमचाच चहा गाळत होते. आणि आतल्या खोलीत साठीला टेकलेली एक ठेंगणी बाई गुडघ्यांवर बसून विटांशी झटत होती. नऊवारीचा काष्टा, वर नवऱ्याचा खाकी शर्ट, कमरेच्या पट्ट्याला सुरी, डोक्यावर कापडी टोपी आणि टोपीखाली ठसठशीत कुंकू.

“तू मास्तरीण ना?” मान वर न करता त्यांनी विचारलं. “तो कोपरा जरा उचल. सपाट अंथरुणावर मला झोप लागत नाही. बेचाळीस दिवस तिरकी झोपलेय.”

मी पुस्तकं खाली ठेवली आणि पलंग उचलला. पुढचे पाच महिने मी हेच करत होते. काकू काहीतरी सांगायच्या आणि ते वेडेपणाचं आहे हे कळायच्या आत मी ते केलेलं असायचं.

खुलासा बाबांनी केला. बाबा मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात साखरेच्या गोण्या वाहणाऱ्या पडावांवर मुकादम होते. सकाळी धक्क्याला एक एवढीशी शिडाची बोट लागली. तिच्यावरची बाई गुंतलेल्या दोराला मोठमोठ्याने शिव्या घालत होती, आणि त्या शिव्या ऐकून बाबांच्या हातातली काठीच गळून पडली.

“आगो, माजी आजी द्यायची तशीच शिवी! तशीच!” बाबा सांगत होते. “चाळीस वरसं झाली, कानावर आली न्हाय. म्हनलं, हे आपलंच मानूस हाय. चला घरी.”

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत राबायला आले, त्याला शंभरावर वर्षं झाली. देव आले, आरत्या आल्या, पण शिव्या वाटेत कुठेतरी झिजल्या. घरी भांडायची वेळ आली की आमची माणसं इथल्या क्रेओल बोलीकडे वळायची. मी स्वतः पुण्याला दोन वर्षं शिकून परतले होते आणि बो बासें गावात दिवसा प्राथमिक शाळेत, संध्याकाळी मराठीच्या वर्गात शिकवत होते. मला व्याकरण येत होतं. शिवी एकही येत नव्हती.

बोटीचं नाव ‘सुपारी’. तीस फुटांची, कोकणातल्या सुतारांनी बांधलेली. काका जन्मभर मोठ्या जहाजांच्या इंजिनाशी राहिलेले, आणि काकू जिल्हा कोर्टात तीस वर्षं लघुलेखिका. दोघं निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी शीड उभारलं. मुलाने मुंबईहून पत्र पाठवून दोघांना वेड्यात काढलं. ते पत्र काकूंनी बोटीच्या स्वयंपाकाच्या कट्ट्यावर चिकटवलं होतं आणि त्यावर लसूण ठेचायच्या. मॉरिशसला ते आले होते पंधरा दिवसांसाठी. पाणी भरायचं, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि डांबर भरायचं, तांदूळ घ्यायचे आणि निघायचं. ते जूनमध्ये आले. निघाले कधी, ते पुढे येईलच. पण का अडले, ते आधी सांगायला हवं, कारण तसं अडलेलं दुसरं जोडपं मी अजून पाहिलेलं नाही.

ते भांडणांमुळे अडले होते.

बोटीवर भांडायचं नाही, असा काकूंचा कडक नियम होता. “तीस फुटांत दार आपटून जाणार कुठे? आणि रागाने सुकाणू सोडलं तर दोघंही बुडणार, म्हणजे जिंकलं कोण ते कळायलाही कुणी उरणार नाही.” म्हणून समुद्रावर भांडण उद्भवलं की तिथल्या तिथे तोंड मिटायचं आणि वहीत नोंद करायची: तारीख, बोट कुठे होती, भांडण कशावरून, वादी कोण, प्रतिवादी कोण, दोघांच्या सह्या. मग बंदर लागलं की जमिनीवर उतरून एकेक प्रकरण काढायचं, पोटभर भांडायचं, निकाल लावायचा आणि नोंदीवर काट मारायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की एकही भांडण शिल्लक असताना नांगर उचलायचा नाही.

मालदीवपर्यंतची भांडणं त्यांनी तीन दिवसांत उरकली होती. तिथून मॉरिशसपर्यंत मात्र वारा पडला, मग वाढला, मग उलटा फिरला, आणि वहीत त्रेसष्ट प्रकरणं साठली.

“एवढी प्रकरणं म्हणजे न्यायाधीश हवा,” काकू दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या. “मास्तरीण, तू बस.”

“मी? मला काय कळतं नवराबायकोच्या भांडणातलं?”

“म्हणूनच. कळणारा माणूस कुणाची ना कुणाची बाजू घेतो.”

कोर्ट भरायचं शनिवारी सकाळी, पोर्ट लुईच्या कंपनी बागेत. तिथे मोठमोठे वड आहेत. वडाखाली बसून न्याय होतो यावर काकूंचा विश्वास होता. जिल्हा कोर्टात तीस वर्षं पंख्याखाली बसून जो झाला, त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. मी बाकावर बसायचे, डावीकडे काकू उभ्या, उजवीकडे काका. बाजारातून पिशव्या घेऊन जाणारे लोक आधी थबकायचे, मग थांबायचे, मग बसायचे. उकडलेल्या शेंगा विकणारा एक म्हातारा पहिल्या शनिवारी योगायोगाने आला आणि दुसऱ्या शनिवारपासून टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर राहू लागला. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण काकूंचे हात कळत होते.

पहिलं प्रकरण होतं लोणच्याचं. आंब्याच्या लोणच्याची शेवटची बरणी लाटेने फुटली असं काकांनी सांगितलं होतं; काकूंचं म्हणणं, बरणी फुटली हे खरं, पण फुटली तेव्हा ती रिकामी होती.

“प्रतिवादीच्या सदऱ्यावर तेलाचा डाग होता,” काकूंनी सदराच पुढे केला.

“तो इंजिनाचा आहे,” काका म्हणाले.

काकूंनी सदरा माझ्या नाकाखाली धरला. “हुंग. इंजिनाला मेथी घालतात का?”

मी हुंगलं. मेथी होती. मी निकाल वादीच्या बाजूने दिला, आणि एका कोळिणीने मागून आरोळी ठोकली, “मातांत इन गान्ये!” म्हणजे मावशी जिंकली. सगळी बाग टाळ्या वाजवत होती, काका स्वतः टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी इतकी हसले नव्हते.

जमीन आधी कोणी पाहिली, हे प्रकरण दोन शनिवार चाललं. काकांनी दुर्बिणीतून उत्तरेकडचं बेट आधी पाहिलं, यात वाद नव्हता. पण काकूंचा दावा असा, की त्याच्याआधी तासभर त्यांना वास आला होता, ताज्या तोडलेल्या उसाचा, आणि जमीन नाकाने आली काय नि डोळ्यांनी आली काय, आली ती आलीच. मी बाबांना साक्षीला बोलावलं. बाबांनी धोतर झटकून सांगितलं, “वारा दखनेकडनं होता. कूप चालू झालेली. वास जातो. पार दर्यात जातो.” ऊसतोडणीच्या हंगामाला आमच्याकडे कूप म्हणतात. काकू जिंकल्या. काका म्हणाले, “बरं.” काकांचा तो आवडता शब्द होता, हरल्यावरही तो म्हणताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा.

कोर्ट उठलं की काकू बाजारात शिरायच्या. मिरच्या विकणाऱ्या बाईशी त्या मराठीत घासाघीस करायच्या, ती क्रेओलमध्ये उत्तर द्यायची, आणि दहा मिनिटांनी दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसायचं. दालपुरीवाल्यापुढची रांग काकूंना मान्य नव्हती, त्या थेट पुढे जायच्या, आणि लोक चिडायच्या आधीच एकेकाला हाताने धरून योग्य क्रमाने उभं करायच्या. मग स्वतः शेवटी जाऊन थांबायच्या. पहिले आठ दिवस त्या जमिनीवर झुलत चालायच्या. आठ दिवसांनी झुलणं थांबलं, पण बाजारातली पोरं त्यांच्यामागे झुलत चालायची ती चालतच राहिली.

धुणं त्या डोलकाठीवर वाळत घालायच्या. एका सोमवारी त्यांनी पिवळं लुगडं वर चढवलं. बंदरात पिवळा बावटा म्हणजे, आम्ही परमुलखातून आलोय, आजारपण तपासायला या. अर्ध्या तासात आरोग्यखात्याचा माणूस लाँच घेऊन आला. काकूंनी त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि त्याचीच जीभ बाहेर काढायला लावून तपासली. पुढच्या सोमवारी पुन्हा पिवळं लुगडं वर गेलं, तो पुन्हा आला. तिसऱ्या सोमवारी लुगडं निळं होतं, तरी तो आला.

ग्रां बुआ गावच्या मराठी मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता ‘आपली संस्कृती’. देवळाच्या मंडपात दोनशे माणसं, पुढे समई, वर कर्णा. काकू उभ्या राहिल्या, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “तुमच्यात कोण कोणाशी बोलत नाही?”

कुणी हलेना. मग मागच्या रांगेत खसखस पिकली आणि चारपाच बोटं दोन बायकांकडे वळली. सख्ख्या जावा. कुंपणावरच्या लिचीच्या झाडावरून नऊ वर्षं अबोला. काकूंनी दोघींना पुढे आणलं आणि माइक त्यांच्या हाती दिला. सुरुवात मराठीत झाली, मध्ये भोजपुरी आली, निकराला क्रेओल. पाऊण तास. शेवटी थोरली रडत म्हणाली, “तुजा पोरगा पडला झाडावनं, तवा मी धावले, आन् तू मला मेर्सी पन बोलली न्हायस!” मेर्सी म्हणजे आभार. धाकटी म्हणाली, “बोलनार होते! तू तोंड फिरवलंस!” जेवणाच्या पंगतीत दोघी एकाच केळीच्या पानाला खेटून बसल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानताना ‘आपली संस्कृती’ या विषयावर काकूंनी मोलाचे विचार मांडले असं सांगितलं, आणि खरं तर त्यात खोटं काही नव्हतं.

“ज्या घरात भांडण नाही,” परतताना बसमध्ये काकू म्हणाल्या, “तिथे एकतर देव राहतात, नाहीतर माणसं एकमेकांना घाबरून असतात.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. आई गेल्यापासून बाबा आणि मी एकमेकांशी फार चांगलं वागत होतो. मीठ कमी पडलं तरी ते बोलत नसत, आणि ते रात्री खोकले तरी मी विचारत नसे. काकू आल्यापासून आमच्या घरात आमटीवरून, रेडिओवरून, उघड्या राहिलेल्या खिडकीवरून आवाज चढू लागले होते. मला ते घर आवडायला लागलं होतं.

आता खरी गोष्ट. काकूंना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा होता.

जिल्हा कोर्टात त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. तो टांगायला कुणीतरी चार खिळे ठोकले होते, आणि नकाशा घसरला म्हणून पाचवा, तो बरोबर आफ्रिकेच्या शेपटावर. तीस वर्षं इतरांच्या जबान्या उतरवताना काकूंच्या डोळ्यांसमोर तो खिळा होता. त्याच्याखाली काय आहे ते त्यांना बघायचं होतं. एवढंच कारण. मी त्यांना विचारलं, आणखी काही असेल ना? त्या म्हणाल्या, “तीस वर्षं मी दुसऱ्यांचंच लिहिलं गो. एक ओळ माझी असू दे.”

पण ती वाट अवघड होती. भारताच्या पासपोर्टावर तेव्हा दक्षिण आफ्रिकेत उतरायची परवानगी नव्हती, म्हणजे मॉरिशस सोडलं की वळसा घालून थेट सेंट हेलेना बेट. दोन महिने पाय टेकायला जागा नाही. आणि ऑक्टोबर संपायच्या आत निघायला हवं, नाहीतर चक्रीवादळांचे दिवस लागतात आणि मे उजाडेपर्यंत हलता येत नाही. काकूंचं वय एकसष्ट. यंदा नाही तर कदाचित कधीच नाही, हे त्याही जाणत होत्या आणि आम्हीही.

सप्टेंबर सरत आला तेव्हा वहीतली प्रकरणं संपायला हवी होती. मी हिशेब घातला, तर अजून अडतीस शिल्लक. मी वही चाळली. जुन्यांवर काट होती; पण पुढे नवी प्रकरणं निघाली होती, सगळी काकांच्या चौकोनी इंजिनियरी अक्षरात. ‘प्रतिवादीबाईंनी चहा देताना कपाचा कान डावीकडे ठेवला.’ ‘प्रतिवादीबाई आमच्या शिट्टीला बेसूर म्हणाल्या.’ ‘प्रतिवादीबाईंनी बुधवारला गुरुवार म्हटले व नंतर कबूल केले नाही.’ जमिनीवरची भांडणं नोंदवायची नसतात, ती तिथेच भांडायची असतात. पण काका म्हणत, रीतसर होऊ दे. आणि कोर्टाच्या रीतीपुढे काकूंचं काही चालत नसे.

माझ्या लक्षात आलं की काका मुद्दाम लांबवताहेत. का, ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. कारण ते लांबलं तर हे दोघं मे महिन्यापर्यंत राहणार होते. म्हणून मी काय केलं? कपाच्या कानाच्या प्रकरणात साक्षीदार मागवले. शिट्टीच्या प्रकरणात संगीताच्या जाणकाराला पाचारण करायचं ठरवलं. बुधवार-गुरुवारला तारीख दिली, मग पुढची तारीख दिली. बाग हसत होती, काका ‘बरं’ म्हणत होते, आणि काकू दर शनिवारी शहरामागच्या सिग्नल डोंगराच्या वरच्या आभाळाकडे थोडा जास्त वेळ बघत होत्या.

बाबांनी मला पकडलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. भात वाढता वाढता त्यांनी ओगराळं खाली ठेवलं.

“पोरी, तू वैनीचा वारा चोरतीस.”

“मी काय केलं?”

“मी बंदरातला मानूस हाय. शिडाची बातो का थांबली, मला कळतं. दादा थांबवतो, आन् तू त्याला दोर देतीस. तुला एकटं वाटतं म्हनून तिनं हितं बसायचं?”

मी चिडले. तोंडाला येईल ते बोलले, ते त्याहून मोठ्याने बोलले, भात गार झाला. पण ते खरं बोलत होते आणि मला लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी कपाच्या कानाचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि काकांकडे वळले.

“वादी, कोर्ट एक प्रश्न विचारतं. तुम्हाला पुढे जायचं आहे की नाही?”

काका ‘बरं’ म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेंगावाला म्हातारा टोपलीवर हात ठेवून थांबला.

“नाही,” काका म्हणाले. “भीती वाटते.”

“समुद्राची?” काकू म्हणाल्या. “तुम्हाला? चाळीस वर्षं काढलीत की!”

“समुद्राची नाही. तू पडलीस त्याची.”

मग कळलं. मॉरिशसला पोचायच्या नऊ दिवस आधी, भर दुपारी, शीड उतरवताना काकू पाण्यात पडल्या होत्या. कमरेला दोर होता म्हणून वाचल्या. काकांनी ओढून वर काढलं तेव्हा त्या हसत होत्या, जुनी टोपी गेली म्हणून हळहळत होत्या, आणि नंतर त्या विसरूनही गेल्या.

“तू आठ मिनिटं पाण्यात होतीस,” काका म्हणाले. “मी तुझं नाव घेऊन ओरडत होतो. तुला ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून डोळा लागला की तेच. आणि पुढे दोन महिने बंदर नाही.”

“मग वहीत का नाही लिहिलंत?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“वहीत वादी-प्रतिवादी लागतात. यात तुझा काय दोष? माझं माझ्याशीच भांडण होतं.”

काकूंनी वही माझ्या मांडीवरून उचलली, मिटली आणि पट्ट्यात खोचली. “दावा मागे घेते,” त्या म्हणाल्या. “नाही जायचं. परत वळू या. खिळ्याखाली खिळ्याचं भोक असणार, दुसरं काय?” आणि काकांचा हात धरून त्या बाजाराकडे निघाल्या. रांगेत नीट शेवटी उभ्या राहिल्या. कुणालाही हलवलं नाही.

त्यानंतरचा आठवडा भयंकर होता. काकू गोड झाल्या. आमटी खारट झाली तरी छान म्हणाल्या. बाबांनी रेडिओ मोठा लावला तर हसल्या. पलंगाखालच्या विटा काढून टाकल्या आणि सपाट झोपल्या. काका म्हणाले, आज बुधवार. त्या म्हणाल्या, हो. दिवस गुरुवारचा होता.

सातव्या दिवशी मधल्या सुट्टीत काका माझ्या शाळेच्या फाटकाशी उभे. एवढा मोठा माणूस, पण वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “ती भांडत नाही हो.”

“काका, तुम्हाला हवं होतं तसंच झालं ना?”

“काल मुद्दाम तिचा आरसा फोडला. म्हणाली, असू दे. मी शिट्टी वाजवली, बेसूर, तासभर. म्हणाली, छान वाजवता.” त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. “तेव्हा पाण्यात पडून ती आठच मिनिटं माझ्यापासून गेली होती. आता सात दिवस झाले. मला एवढं झेपत नाही. कोर्टाने हे दाखल करून घ्यावं.”

चौकोनी अक्षरात लिहिलं होतं: ‘वादी: मी. प्रतिवादी: माझी बायको. तक्रार: भांडत नाही. मागणी: आफ्रिकेचे टोक, ताबडतोब.’

मी फाटकाला धरून उभी राहिले. माझ्या हातात अजूनही सगळं होतं. पुढची तारीख दिली असती, आठवडाभराची, तर ऑक्टोबर संपला असता. कुणाला कळलंही नसतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते दोघं हवे होते.

“मंजूर,” मी म्हटलं. “पण एका अटीवर. शीड चढवताना-उतरवताना दोघांच्या कमरेला एकच दोर. या टोकाला तुम्ही, त्या टोकाला त्या.”

“बरं,” काका म्हणाले, आणि बसकडे अक्षरशः धावले.

संध्याकाळी मी घरी पोचले तर पायरीवरूनच ऐकू आलं. “माझा आरसा! माहेरचा आरसा होता तो! आठ दिवस गप्प बसले म्हणून काय घर फोडत सुटलात?” बाबा अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून, आरती ऐकावी तसे ऐकत होते.

उरलेल्या नोंदींवर दोघांनी मिळून काट मारली आणि तीन दिवसांत ते निघाले. आफ्रिकेचं टोक त्यांनी ओलांडलं, सेंट हेलेनाहून तसं पत्र आलं आणि ते मी सगळ्या बागेला वाचून दाखवलं. पण मला जास्त आठवते ती निघायची सकाळ. धक्क्यावर कोळीण, शेंगावाला, मिरचीवाली, आरोग्यखात्याचा माणूस, ग्रां बुआच्या दोन्ही जावा. बाबांनी नारळ फोडला. काका सकाळपासून पांढरेफटक होते, तरी नांगर त्यांनीच उचलला. काकू सुकाणूशी. दोघांच्या कमरेला माझा दोर.

बोट दहा-वीस हात सरकली असेल, तोच काकूंनी दोर हातात घेऊन मोजला.

“चार हात? मी काय शेळी आहे? दहा हवा!”

“चार!” काका ओरडले. त्यांच्या गालांवर रंग चढला होता.

“आठ! चार हातांत मी चूल तरी पेटवीन का?”

“पाच! कोर्टाचा हुकूम आहे!”

“कोर्टाने हात सांगितलेत का? मास्तरीण, सांगितलेस का गं तू?”

शीड फुगलं, बोट कलली, आणि दोघं सवयीने एकाच बाजूला झुकले. आवाज बारीक होत गेले. सात. सहा. मग वाऱ्याने दोघांचाही आवाज एकदम आणला, एकच आकडा, “सहा!” आणि त्यापाठोपाठ काकांची शिट्टी, चांगली बेसूर.

धक्क्यावर त्या वेळी मी रडत होते आणि बाबा हसत होते, की बाबा रडत होते आणि मी हसत होते, यावरून आम्ही दोघं बसमध्ये पार बो बासेंपर्यंत भांडलो.